रिलिव्हर आल्याशिवाय प्लांट सोडायचा नाही

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत शुगर, बीपी आणि किडनी कशी सांभाळायची यावर पानभर मजकूर आला होता. मी तो चष्मा पुसून दोनदा वाचला आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं. मीठ कमी करा, पायाला जखम होऊ देऊ नका, गोळ्या वेळेवर घ्या, टेन्शन घेऊ नका, रोज अर्धा तास चाला. पण ज्या पेशंटला स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला उचलता येत नाही त्याच्या आमटीतलं मीठ कमी कोण करतं, त्याचे तळवे रोज रात्री कोण बघतं, गोळ्या पाकिटातून काढून कोण देतं? पानभर लेखात त्या माणसाचा एकदाही उल्लेख नाही. आमच्या घरी तो माणूस मी आहे म्हणून हे पत्र.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत मी ३१ वर्षं प्लांट ऑपरेटर होतो, तिन्ही शिफ्ट केल्या. नवीन पोरगं आलं की आम्ही त्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगायचो. लॉगबुकात लिहिलं नाही म्हणजे झालं नाही. आणि रिलिव्हर आल्याशिवाय प्लांट सोडायचा नाही. रिलिव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, तो येणार, लॉगबुक वाचणार, कुठला वॉल्व बंद ठेवलाय, कुठल्या पंपाचा आवाज बदललाय ते विचारणार, चार्ज घेणार आणि मग आपण डबा उचलून बसकडे पळायचं. तो नाही आला तर डबल ड्यूटी. पण डबल ड्यूटीचा ओव्हरटाइम मिळायचा, आणि सलग तिसरी शिफ्ट सुपरवायझर करूच द्यायचा नाही, कारण झोपाळलेला ऑपरेटर म्हणजे सगळ्या प्लांटला धोका. २०२१ पासून मी ज्या ड्यूटीवर आहे तिथे ना लॉगबुक होतं ना रिलिव्हर. लॉगबुक मी स्वतः बनवलं, रिलिव्हर काही मला बनवता आला नाही.

आमच्या हिला तेव्हा ५९ वर्षं पूर्ण झाली होती. शुगर चौदा वर्षांची जुनी, बीपी मागून आलं. सकाळी चहा गाळताना गाळणं हातातून पडलं, मी आतून ओरडलो काय पडलं गं, तर जे उत्तर आलं त्यात शब्दच नव्हते नुसता आवाज होता. लकवा, उजवी बाजू गेली. नऊ दिवस हॉस्पिटल झालं, डिस्चार्जच्या दिवशी तिथल्या फिजिओ मुलीने मला पंधरा मिनिटं व्यायाम दाखवले, हात असा उचलायचा, बोटं अशी एकेक उघडायची, खांदा ओढायचा नाही, आणि म्हणाली काका, दिवसातून तीनदा करून घ्या, आता सगळं तुमच्यावरच आहे. बिचारी चांगल्या मनाने बोलली. पण ते शेवटचं वाक्य मी दोन वर्षं डोक्यात घेऊन फिरलो, त्याचं पुढे सांगतो.

आज हिच्या पाच फायली आहेत. मेंदूच्या डॉक्टरांची, शुगरच्या डॉक्टरांची, किडनीची कारण रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकल्याची खूण, वाढायला लागलं, डोळ्यांची आणि गुडघ्यासाठी हाडांची. पाचही डॉक्टर बोलायला चांगले, घाई असते पण ती काय सगळ्यांनाच. मात्र पाचही जण आपापली फाइल बघतात आणि एका फायलीतून दुसऱ्या फायलीत जे जातं ते फक्त माझ्या तोंडून जातं. २०२३ च्या पावसाळ्यात हिला सकाळी उठली की घेरी यायला लागली, एकदा बाथरूमच्या दारात बसलीच खाली. मी शुगर बघितली, नॉर्मल. बीपी बघितलं तर वरचा आकडा ९४. मग टेबलावर सगळ्या पट्ट्या मांडल्या आणि मागची बारीक अक्षरं भिंगाने वाचत बसलो, तर दोन वेगळ्या नावांच्या, वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांत टेल्मिसार्टन, बीपी उतरवायचं एकच औषध. एकात एकटं, दुसऱ्यात दुसऱ्या औषधाबरोबर मिसळून. फोन केला, एक गोळी बंद झाली, चार दिवसांत घेरी थांबली. प्लांटमध्ये असं झालं असतं, दोन शिफ्टच्या दोघांनी एकच वॉल्व दोनदा उघडला असता, तर इन्क्वायरी लागली असती. इथे इन्क्वायरी कुणाची करणार? चार्ज द्यायला-घ्यायला मधे फक्त मीच होतो आणि ते माझं काम आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून दोनशे पानी लॉगबुक घातलं. तारीख, वेळ, शुगर, बीपी, गोळीचं कंपनीने दिलेलं नाव आणि त्याखाली आतल्या औषधाचं नाव, कोणी दिली, का दिली. सध्या चौथी वही चालू आहे.

माझी भाची पुण्यात आरोग्यशास्त्र शिकतेय, तिला ही वही दाखवली तर तिने फोटो काढले. आणि रात्री मला एक इंग्रजी लेख पाठवला, खाली मेसेज, मामा हे तुमच्यावरच लिहिलंय. लेख होता २००९ चा, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला, कार्ल मे, व्हिक्टर मोंटोरी आणि फ्रान्सिस मेअर या तिघांचा. माझं इंग्रजी म्हणजे मॅन्युअल वाचण्यापुरतं, तिनेच फोनवर समजावला. त्यांचं म्हणणं असं की आजाराचं ओझं असतं तसं उपचारांचंही ओझं असतं, आणि डॉक्टर लोक ते ओझं मोजतच नाहीत. त्यात इंग्लंडकडच्या एका हार्टच्या पेशंटचं उदाहरण आहे, त्याला सांगितलं की अजून एका स्पेशल क्लिनिकला जा, तर तो नाही म्हणाला, कारण आधीच्या दोन वर्षांत तो वेगवेगळ्या क्लिनिकच्या ५४ फेऱ्या मारून आला होता, म्हणजे दर पंधरवड्याला एक अख्खा दिवस. असा पेशंट नाही म्हणतो तेव्हा आपण म्हणतो ऐकत नाही, हट्टी आहे. मी लगेच वही काढून आमच्या दोन वर्षांच्या फेऱ्या मोजल्या. ६७ निघाल्या. डॉक्टर, लॅब, सोनोग्राफी आणि मेडिक्लेमच्या कागदांसाठी मारलेले हेलपाटे धरून. केमिस्ट यात धरला नाही, तो खालीच आहे. आणि घरातलं वेगळं, दिवसाला अकरा गोळ्या, दोनदा इन्सुलिन, दोनदा बीपी, तीनदा व्यायाम. कंपनीत इतक्या कामाला दोन माणसं आणि एक हेल्पर लावतात.

मग मला चटकच लागली, भाचीला रोज विचारायचो अजून काय आहे पाठव. एक लक्षात आलं, की संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर नळ्या-बाटल्या आणि पांढरे कोट येतात, पण हे जे प्राथमिक आरोग्याचं संशोधन म्हणतात ते नाक्यावरच्या डॉक्टरच्या दवाखान्यात होतं, बाकड्यावर बसलेल्या लोकांवर. किती वेळ मिळतो, किती आजार एकत्र असतात, घरी कोण बघतं, असले साधे प्रश्न. २०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या ३१४ फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतल्या साडेसतरा लाख पेशंटांची नोंद तपासली, तर जवळपास दर चौघांत एकाला दोन किंवा जास्त जुने आजार होते. आणि सगळ्यात गरीब वस्त्यांत ही वेळ श्रीमंत वस्त्यांपेक्षा दहा-पंधरा वर्षं आधी येत होती. वाचल्यावर मला पहिलं आठवलं ते आमच्या ऐरोलीजवळचं दिघा, आमच्या कॅन्टीनमधली बरीच पोरं तिथली, पन्नाशीच्या आत शुगर आणि बीपी दोन्ही घेऊन रिटायर झालेली. पाम बीच रोडच्या टॉवरमध्ये आणि दिघ्याच्या डोंगरावरच्या चाळीत हा फरक किती आहे, कोणी मोजलाय का आपल्याकडे, माहिती असेल तर छापा.

दुसरा एक अभ्यास २०१८ चा, लॅन्सेट नावाच्या डॉक्टरांच्या जर्नलमधला. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधले ३३ दवाखाने, तीन किंवा जास्त आजार असलेले १,५४६ पेशंट. अर्ध्या दवाखान्यांना सांगितलं की शुगरची तपासणी वेगळी, हार्टची वेगळी, असं करू नका, सहा महिन्यांतून एकदा माणसाला नीट बसवा, सगळे आजार एकत्र बघा, मन कसं आहे विचारा, गोळ्या कमी करता येतात का ते फार्मासिस्टकडून तपासून घ्या. निकाल काय, तर जीवनमान म्हणून जे मोजतात त्यात काही फरक पडला नाही. भाची म्हणाली म्हणजे फेल गेला मामा. पण त्याच अभ्यासात पेशंट म्हणत होते की आमचं ऐकलं जातं, आम्हाला काय महत्त्वाचं वाटतं ते विचारलं जातं, हे मात्र दुसऱ्या गटापेक्षा चांगलं निघालं. मी तिला म्हटलं, बाई, ट्रायल रनमध्ये प्रॉडक्शन वाढलं नाही पण कंप्लेंट कमी झाल्या तर आम्ही त्याला फेल म्हणत नव्हतो. यावर आमचं अजून एकमत नाही. आणि एवढ्या मोठ्या अभ्यासात जे निघालं नाही तेही त्यांनी छापलं, याचं मला कौतुक वाटतं, आपल्याकडे योजना फेल गेली असं छापून आलेलं तुम्ही शेवटचं कधी वाचलंत?

आता ते फिजिओ मुलीचं वाक्य. भाचीने घाबरत घाबरत एक अभ्यास पाठवला, म्हणाली मामा हा वाचून वाईट वाटून घेऊ नका. हा आपल्या भारतातला, अटेंड नावाचा, २०१७ साली लॅन्सेटमध्ये आलेला. देशभरातल्या १४ हॉस्पिटलांत लकवा झालेले १,२५० पेशंट घेतले. अर्ध्यांच्या घरच्या माणसाला नीट शिकवलं, व्यायाम कसे करून घ्यायचे, कसं उठवायचं-बसवायचं, घरी गेल्यावरही पाठपुरावा केला. बाकीच्यांना नेहमीची ट्रीटमेंट. सहा महिन्यांनी बघितलं, किती जण गेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिले, तर दोन्हीकडे ४७ टक्के. काडीचा फरक नाही.

दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. म्हणजे रोज तीन वेळा, दोन वर्षं, मी ती बोटं उघडत बसलो ते काय. तिसऱ्या दिवशी सकाळी व्यायाम करून घेताना (सवयीने घेतलेच, आजही घेतो, खांदा आखडत नाही त्याने आणि तिला बरं वाटतं) एकदम लक्षात आलं की हिचा उजवा हात उघडला नाही याचं कारण मी आहे असं मी आत कुठेतरी धरून बसलो होतो. कुठल्या दिवशी दोनदाच झाले, कुठल्या दिवशी मी वैतागून पटापट उरकले, सगळं वहीत आहे ना. आणि इथे बाराशे पन्नास पेशंटांचा अभ्यास सांगतोय की नीट शिकवलेल्या घरच्यांनी करूनही सहा महिन्यांत फरक दिसला नाही. साहेब, त्या ४७ टक्क्यांनी मला जेवढं हलकं केलं तेवढं कुठल्या धीराच्या शब्दांनी केलं नाही. भाचीला फोन करून सांगितलं तर ती रडायलाच लागली, मग मी विषय बदलला.

पण यातून एक सरळ गोष्ट निघते जी वरच्या लोकांना ऐकायला आवडणार नाही. आपल्याकडे कुठलीही योजना आली की त्यात धरूनच चालतात की घरचे बघतील. फिजिओ कमी आहेत, घरचे करतील. नर्स घरी येऊ शकत नाही, घरचे ड्रेसिंग करतील. घरचे हा फुकटचा कर्मचारी, हजेरीपटावर नाव नाही, रजा नाही, आणि आता अभ्यासाने दाखवलंय की त्याला पंधरा मिनिटांचं काय, नीट ट्रेनिंग दिलं तरी तो फिजिओथेरपिस्ट होत नाही.

सोसायटीत लोक मला म्हणतात, तुम्ही किती करता हो वहिनींचं, देवमाणूस आहात. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोला. पण आमच्याच मजल्यावर एक सून आहे, आठ वर्षं सासूचं सगळं करते, तिला मी कुणी देवी म्हणताना ऐकलं नाही. आणि माझी आई शेवटची सहा वर्षं अंथरुणाला होती तेव्हा मी शिफ्टवर होतो. आईचं सगळं हिने केलं. तेव्हाही शुगर होतीच हिला, सुरुवातीची, गोळ्या राहायच्या, जेवण वेळेवर नसायचं, डॉक्टरकडे जायला हवं म्हणायची आणि मग म्हणायची आईंना कुणाजवळ ठेवू. मी थर्ड शिफ्ट करून आलो की कान झाकून झोपायचो. या सहा वर्षांचं लॉगबुक कुणी ठेवलेलं नाही. हिची शुगर तेव्हा बिघडली का, पुढचं सगळं त्यामुळे झालं का, हे कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही आणि मीही तिला अजून विचारलेलं नाही.

आता माझ्या स्वतःच्या बीपीची गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या जवळच्या एका दवाखान्यात हिला घेऊन गेलो होतो, व्हीलचेअर रॅम्पवरून चढवताना मला दम लागला, तिथल्या सिस्टरने हिचं बीपी घेतलं आणि पट्टा काढता काढता म्हणाल्या काका, दाखवा तुमचा पण हात. १६८ वर १००. मी म्हटलं मशीन चुकलं असेल, त्यांनी दुसऱ्या हातावर घेतलं, तेवढंच. मला केसपेपर नव्हता, मी पेशंटच नव्हतो ना, मग त्यांनी काय केलं, हिच्या केसपेपरच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं, मिस्टर १६८/१००, डॉक्टरना दाखवणे. तो कागद मी जपून ठेवलाय. साडेतीन वर्षांत या सगळ्या दवाखान्यांतून कुणी माझ्याविषयी काही लिहिलं असेल तर ते एवढंच, तेही समासात, कारण आत जागा नव्हती.

भाचीकडून कळलं की १९९९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, ६६ वर्षांपुढची जोडपी, चार-साडेचार वर्षं पाठपुरावा केला, तर आजारी जोडीदाराला सांभाळणारे आणि त्याचा ताण होतोय म्हणणारे जे होते त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. घाबरलो ना मी. पण तिनेच २०१३ चा दुसरा दाखवला, साडेतीन हजार सांभाळणाऱ्यांचा, त्यात सांभाळणारे न सांभाळणाऱ्यांपेक्षा जास्त जगत होते, मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी. मग खरं काय? मला जे कळलं ते असं, की सांभाळण्याने माणूस मरतो असं सरसकट म्हणता येत नाही, पहिल्या अभ्यासातही ज्यांना ताण नव्हता त्यांचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. म्हणजे कुणाला ताण होतोय ते आधी ओळखायला पाहिजे, आणि ओळखायचं तर विचारायला पाहिजे. सिस्टरने विचारलं. बाकी कोणी नाही.

मध्यंतरी सरकारी आरोग्य खात्याच्या आशाताई घरी आल्या होत्या, तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरायला. तंबाखू खाता का, कंबर किती, घरात कुणाला शुगर. मग साठीच्या वरच्यांचे प्रश्न, अंघोळ, कपडे, चालणं यासाठी दुसऱ्याची मदत लागते का. हिचं हो झालं. आणि त्या पुढच्या प्रश्नाकडे गेल्या. मी वाट बघत होतो की आता विचारतील, मदत कोण करतं. त्यांचा काय दोष, त्यांना छापील कागद भरायचा असतो आणि दिवसाला किती घरं. पण एक हो लिहिल्यावर त्या होच्या मागे एक माणूस उभा असतो, समोर चहाचा ट्रे घेऊन उभा होता तो.

इंग्लंडमध्ये म्हणे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात सांभाळणाऱ्यांची वेगळी नोंद ठेवतात, त्यांना फ्लूची लस फुकट मिळते, आणि २०१४ च्या कायद्याने सांभाळणाऱ्याला स्वतःची गरज तपासून घ्यायचा हक्क दिलाय. लगेच तिकडे सगळं स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही, तिथला भत्ता मिळवायला आठवड्याला ३५ तास सांभाळल्याचं दाखवावं लागतं, मला हसू आलं, माझे ३५ तास मंगळवारीच संपतात. आपल्याकडेही काहीच नाही असं नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजी घेणाऱ्याचा भत्ता हा विषय आहे. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी आश्वासकिरणम नावाची योजना आहे, महिना ६०० रुपये. सहाशेत आमच्या शुगरच्या पट्ट्यासुद्धा येत नाहीत, पण सरकारी कागदावर त्या माणसाला एक नाव मिळालं ना. मराठीत तर शब्दाचीच पंचाईत, काळजीवाहू म्हटलं की सरकार आठवतं.

आणि गोव्याचं उदाहरण तर अगदी शेजारचं. २००८ मध्ये छापून आलेला अभ्यास, विसरण्याचा आजार, म्हणजे डिमेन्शिया, असलेल्या ८१ घरांतला. डॉक्टर नाही, तर त्याच भागातली शिकवून तयार केलेली साधी माणसं घरी जायची, सांभाळणाऱ्याजवळ बसायची, आजार काय आहे, तो असं का वागतो हे समजावायची, घरातल्या बाकीच्यांना कामं वाटून द्यायची. पेशंटच्या आजारात मोठा फरक पडला असं म्हणता आलं नाही, पण सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचं मन सावरलं, त्यांचा त्रास कमी झाला. लकव्याच्या अभ्यासात घरच्यांच्या डोक्यावर अजून एक काम ठेवलं, गोव्यात डोक्यावरचं थोडं उतरवलं. मी डॉक्टर नाही, आजारही दोन वेगळे, पण ऑपरेटर म्हणून मला हा फरक लगेच दिसतो.

म्हणून माझी मागणी फार लहान आहे, कुणाला नवं हॉस्पिटल बांधायला नको. सरकारी असो की महापालिकेचा, कुठल्याही दवाखान्याच्या केसपेपरवर पेशंटच्या नावाखाली एक छापील ओळ टाका, सांभाळणारा कोण, वय, फोन, बीपी, शुगर. जो पेशंट दुसऱ्याच्या आधाराने येतो त्याच्या आधाराचा पण पट्टा त्याच खेपेला लावा, दोन मिनिटं लागतात. आता कोणी म्हणेल दोन मिनिटं आणायची कुठून, तेही खरं आहे, ६७ देशांच्या एका अभ्यासात २०१७ मध्ये निघालं होतं की स्वीडनमध्ये डॉक्टर पेशंटला साडेबावीस मिनिटं देतात, बांगलादेशात ४८ सेकंद आणि आपण कुठेतरी दोन-अडीच मिनिटांवर. म्हणूनच म्हणतो डॉक्टर नको, सिस्टर करतील, त्यांनी करून दाखवलंय. नोंद ठेवली की काम होतं हे आपल्याच राज्यात दिसलंय, बीपीचा केंद्राचा जो कार्यक्रम आधी २५ जिल्ह्यांत सुरू झाला त्यात आपले सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा, भंडारा होते, ठरलेली औषधं, महिन्याच्या गोळ्या एकदम, आणि जो परत येत नाही त्याची यादी. त्याच यादीत एक रकाना वाढवायचाय.

दुसरं, रिलिव्हर. आमच्या नवी मुंबईत बऱ्याच सेक्टरांत ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रं आहेत, पेपर, कॅरम, कट्टा, छान आहे सगळं, पण तिथे जाणारे ज्येष्ठ आपल्या पायांनी जाणारे. आठवड्यातून दोन दुपारी तिथली एक खोली, एक सिस्टर आणि दोन शिकवलेले स्वयंसेवक, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला तीन तास ठेवून जायची सोय करा. कॅरम खेळणाऱ्यांपैकी अर्धे स्वयंसेवक होतील, मी त्यांना ओळखतो, त्यांना काम नाहीये. मला त्या तीन तासांत काय करायचंय ते विचारू नका, बहुतेक झोपेन.

आणि ठाणे-नवी मुंबईत एवढी मेडिकल कॉलेजं, नर्सिंग कॉलेजं आहेत, दरवर्षी पोरं प्रोजेक्ट करतात, त्यातल्या काहींनी ऐरोली, कळवा, मुंब्रा, दिघा इथल्या घरांत जाऊन नुसते तास मोजावेत. कोण सांभाळतं, किती तास, शेवटची पूर्ण झोप कधी झाली, स्वतःची तपासणी शेवटची कधी. माझ्या भरलेल्या तीन वह्या पाहिजे तर देतो, फोटोकॉपी करून परत करा फक्त. सध्याची चालू वही मिळणार नाही.

ही शेजारी बसून विचारतेय, अहो, काय एवढं लिहिताय. तिला वाचून दाखवलं. आईच्या सहा वर्षांचं आलं तिथे ती थांबवून म्हणाली, ते कशाला लिहिलंत. मी म्हटलं काढू का. जरा वेळ गप्प बसली आणि डाव्या हाताने राहू दे अशी खूण केली.

पत्र मोठं झालंय, जागेप्रमाणे कापाल ते ठीक आहे. कापायचंच झालं तर इंग्लंड-स्कॉटलंडचं कापा, केसपेपरवरच्या ओळीचं तेवढं ठेवा.

आपला,
एक रिटायर्ड प्लांट ऑपरेटर,
ऐरोली, नवी मुंबई